झेंडूखालचा जॅक

१

माझ्या रुक्सानाची बिस्मिल्ला झाली ते साल चौऱ्याहत्तर. नवा झगा घालून पोरीला मौलवीसाहेबांसमोर बसवलं, तिनं पाटीवर पहिलं अक्षर काढलं आणि आम्ही मोहल्ल्यात खजूर वाटले. माझ्या नवऱ्यानं त्या दिवशी तिला पत्र्याची एक छोटी मोटार करून दिली. तिची चाकं खरोखर फिरायची. मग रमजान आला, ईद झाली, आणि ईदनंतर आठवड्याभरात दसरा. दसऱ्याच्या सकाळी महादेवप्पा मोटारीखाली मेलेला सापडला.

मी तिथं पोचले तेव्हा पोलीस आधीच आले होते. सोलापुरात होटगी रस्त्याला वस्ती संपते तिथं महादेवप्पाची शेड होती. घरचा धंदा सुताचा, पण याचा जीव मोटारीत. जुनी मोडकी मोटार आणायची, सांगाड्यापर्यंत उघडी करायची आणि त्यावर आपल्या मनातली मोटार उभी करायची, हा त्याचा नाद. विकायची नाही, भाड्यानं द्यायची नाही. या लाल मोटारीचं काम तीन वर्षं चाललं होतं. सांगाडा लढाईच्या आधीचा, विलायती, कुठल्याशा संस्थानिकाच्या तबेल्यात कोंबड्यांखाली पडलेला. इंजिन फियाटचं. दिवे मुंबईच्या जुन्या बाजारातले. आणि अंग सगळं माझ्या नवऱ्याच्या हातचं. कागदाचा फर्मा कापायचा, वाळूच्या पिशवीवर पत्रा ठेवायचा आणि हलक्या हातानं ठोकत ठोकत त्याला गोलाई आणायची. मडगार्ड तर असं झालं होतं की त्यावरून हात फिरवावासा वाटे. आतल्या गाद्या आणि वरचा कापडी टप मी शिवला होता.

शहरात सगळे पत्रेकामवाले माझ्या नवऱ्याला खाजाभाई म्हणत. इथं मीही तेच लिहिते.

मी गाद्या घेऊन टांग्यातून उतरले. शेडच्या दारात राखणदार बिरप्पा बसला होता, त्याच्या टोपलीतली झेंडूची फुलं जमिनीवर सांडली होती. आत लाल मोटार एका अंगानं खाली बसली होती. तिच्याखालून नव्या पांढऱ्या धोतरातले दोन पाय बाहेर आले होते. बाजूला एक जॅक आडवा पडला होता. मेलेल्याच्या उजव्या हातात पाना होता.

समोरच्या भिंतीशी खंडेनवमीची पूजा जशीच्या तशी. लाल कापडावर शेडमधली सगळी हत्यारं ओळीनं मांडलेली. पाने, पकडी, छिन्न्या, खाजाभाईंचे हातोडे, माझी कात्री. मधोमध शेडचा मोठा जॅक. सगळ्यांवर विभूतीचे पट्टे, कुंकू, आणि प्रत्येकावर एक झेंडूचं फूल.

फौजदार स्टुलावर बसून शेंगा फोडत होता. मंगळवेढ्याकडचा माणूस, हिंदुराव नाव. जमादार म्हणाला, "साहेब, जॅक सटकला. अपघात लिहू का?"

हिंदुरावानं टरफल फुंकलं. "खंडेनवमीला हत्यार पूजेला बसलं की दसऱ्याला संध्याकाळी पूजा उचलेपर्यंत त्याला कुणी हात लावतं का रे?"

"नाही साहेब."

"हा लावायचा का?"

दारातून बिरप्पा बोलला, "मालक? इसरा साहेब. गेल्या साली एकानं निसता पाना सरकवला, तर कानाखाली वाजवली हुती त्याच्या."

"आणि नवं धोतर नेसून हा पोतं न टाकता मोटारीखाली निजायचा?"

"न्हाय की."

"मग हा काम करत नव्हता. कुणीतरी काम करतोय असा मांडलाय. मारलंय ह्याला." हिंदुरावानं हात झटकले आणि माझ्याकडे पाहिलं. "खाजा कोण? सकाळपासून ज्याच्या त्याच्या तोंडात त्याचंच नाव."

माझ्या डोक्यावर अजून गाद्या होत्या. मी म्हणाले, "माझा नवरा."

२

नवमीच्या संध्याकाळी काय झालं ते पन्नास माणसांनी पाहिलं होतं. शहरातले मोटारींचे शौकीन, दोन डॉक्टर, एक वकील, महादेवप्पाची बायको निंगव्वा, पुतण्या कल्लप्पा, आम्ही नवरा-बायको, सगळे पूजेला आले होते. दुसऱ्या दिवशी लाल मोटार पहिल्यांदा रस्त्यावर निघणार होती. सिद्धेश्वराच्या तळ्याला फेरी मारून परत.

पूजा व्हायच्या आधी महादेवप्पा मोटारीभोवती फिरला. डाव्या मडगार्डपाशी थांबला.

"खाजा, हे काय आहे?"

"मडगार्ड, मालक."

"हे मडगार्ड? मला वाटलं तुझ्या म्हशीचं ढुंगण."

लोक हसले. मग त्यानं खाजाभाईंचाच हातोडा उचलला आणि रंग चढलेल्या मडगार्डवर जोरानं घातला. पत्रा आत गेला, लाल रंगाचे टवके उडाले. "दसरा झाला की परत कर. मला आवडेपर्यंत करत राहायचं."

खाजाभाईंनी तीन महिने त्या मडगार्डवर घालवले होते. ते कधी मोठ्यानं बोलत नसत. त्या दिवशी बोलले. "मालक, याच गाडीखाली जाल तुम्ही एक दिवस."

हे वाक्य सगळ्यांनी ऐकलं.

त्यानंतर जे झालं तेही सगळ्यांनी ऐकलं, पण ते कुणाला आठवलं नाही, कारण ते रोजचं होतं. कल्लप्पा पुढं आला आणि म्हणाला, "काका, उद्या पहिली फेरी मी मारू का? तुम्ही म्हणाला होता."

इंजिन सगळं कल्लप्पानं बसवलं होतं. बसवताना त्याची दोन बोटं पंख्यात गेली होती. हात आत असताना काकानंच किल्ली फिरवली होती, आणि 'बघून काम करावं' एवढंच म्हणाला होता.

महादेवप्पानं त्याचा तो हात धरून वर केला, लोकांना दाखवला. "या थोट्याच्या हाती स्टिअरिंग देऊ? गिअर टाकायला पायाचं बोट लावणार का रे? उद्या डॉक्टरसाहेब चालवतील. तू मागनं पळत ये, फुलं उधळायला."

कल्लप्पाही लोकांबरोबर हसला. मग त्यानं जॅक पुसला, सगळ्या हत्यारांना विभूती लावली, फुलं वाहिली आणि नमस्कार केला. खाजाभाईंनी आपले हातोडे दरवर्षीसारखे स्वतःच्या हातानं ओळीत ठेवले. मी माझी कात्री ठेवली.

घरी येताना खाजाभाई म्हणाले, "बस. उद्या हातोडे घेऊन येतो. आता त्या शेडीत पाय नाही ठेवणार."

दसऱ्याला उजाडताना ते गेले आणि रिकाम्या हातानं परत आले.

"हातोडे?"

"पूजेमें हैं. कल लाऊंगा." मग म्हणाले, "तू गाद्या तेवढ्या देऊन ये. मला तोंड नाही दाखवायचं."

म्हणून मी गेले होते.

३

जमादार हुशार होता. म्हणजे त्याला तसं वाटत होतं. "साहेब, सरळ आहे. हिंदू माणूस आज हत्याराला हात लावणार नाही. लावणारा एकच. त्यानं धमकी दिली. सकाळी राखणदारानं त्याला येताना पाहिलंय."

बिरप्पा म्हणाला, "म्या फुलं आणाय निगालो तवा खाजाभाई येत हुता. खोटं कशाला बोलू? पर त्याच्यावानी माणूस..."

"तुला विचारलं का कसा माणूस?"

"न्हाय."

"मग गप."

दोन शिपाई सायकलवर आमच्या घरी गेले. मी हिंदुरावाच्या समोर जाऊन उभी राहिले. मला बोलायची भीती वाटत होती, पण न बोलायची जास्त वाटली.

"साहेब, मारणारा माझा नवरा असता तर त्यानं शेडचाच जॅक घेतला असता. तो तिथं पूजेत आहे. त्याच्यावर फूल आहे. काल कल्लप्पानं ठेवलं तेच."

हिंदुरावानं जमादार किती लांब आहे ते पाहिलं. मग आवाज अगदी खाली आणला. "बाई, तू पाहिलंस ते मीही पाहिलंय. जमादारानं नाही पाहिलं. आता तू गप्प बसायचं. एक अक्षर बोललीस तर नवरा तुला परत दिसणार नाही. कळलं?"

मला वाटलं, हा माणूस आमच्या बाजूचा आहे.

मी गप्प बसले.

४

त्यानं शेडमध्येच सगळ्यांना बोलावलं. मला हाकललं नाही. गाद्या मांडीवर घेऊन मी कोपऱ्यात बसले.

निंगव्वा आली. घर शहरात बाळीवेशीत, तिथून कुणाच्या तरी टांग्यात आली होती. तिनं प्रेताकडे एकदा पाहिलं आणि पदर सारखा केला.

"रडत नाही तुम्ही, अव्वा?" हिंदुरावानं विचारलं.

"वीस वर्षं रडले की. आता हा गेला, मग कशाला?"

"सकाळी हे घरनं कसे निघाले?"

"टांग्यानं गेले असतील. मी देवघरात होते."

"कल्लप्पा?"

"घरीच होता. परसात मोटार धूत होता. दसरा की हो, घरच्या गाडीला हार नको?"

हिंदुरावानं दाराजवळच्या महादेवप्पाच्या चपला उचलल्या. उलट्या केल्या, तळावर बोट फिरवलं, बोट पाहिलं आणि पुन्हा जागच्या जागी ठेवल्या. "आज दसऱ्याला सकाळी सकाळी टांगा मिळतो का ओ बाळीवेशीत? उन्हं वर येईपर्यंत घोडे तर सगळे धुवायला नेलेले असतात."

"मला काय ठाऊक? मी टांगा चालवते का?"

मग बिरप्पा. त्याला रडू आवरत नव्हतं.

"तू कशाला रडतोस? तुलाही मारायचा ना तो?"

"मारायचा की. काटीनं. पर भाकरी बी त्योच द्यायचा. आता कुटं जाऊ?"

"फुलं आणायला किती वेळ गेला?"

"बाजारात गर्दी लई. परत आलो तर मालकाचं पाय दिसलं. म्हनलं, मालक आज हत्याराला हात लावत्यात? आदी त्येचंच भ्या वाटलं बगा. मरान मागनं दिसलं."

सगळ्यात शेवटी कल्लप्पा. घरची पांढरी ॲम्बॅसिडर घेऊन आला, तिच्या नाकावर झेंडूचा हार. तो थेट माझ्यापाशी आला. "चाची, खाजाचाचानं असं नाही करायचं होतं. काकानं चूक केली, पण असं नाही."

"त्यांनी केलं नाही."

"देव करो तसंच असो," तो म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

हिंदुरावानं त्याला फार काही विचारलं नाही. कुठं होतास, घरी. कुणी पाहिलं, काकूनं. काकाशी भांडण, नाही. काल थोट्या म्हणाला ते? रोजच म्हणायचा साहेब, वाईट वाटायचं बंद झालं होतं.

मग फौजदार उठला. पडलेला जॅक आणि प्रेताच्या हातातला पाना त्यानं पोत्यात घातला. "कल्लप्पा, आमची जीप बंद पडलीय. तुझ्या गाडीनं सोड मला चौकीवर. मागं ठेवतो हे."

त्यानं स्वतःच ॲम्बॅसिडरची डिकी उघडली, आत वाकून पाहिलं.

"मोकळी आहे. बरं झालं," तो म्हणाला आणि पोतं आत टाकलं.

त्या वेळी मला त्यात काहीच वाटलं नाही. मी दुसरीकडे पाहत होते. रस्त्यावरून दोन शिपाई खाजाभाईंना दोरी बांधून आणत होते, आणि मागं रुक्साना पत्र्याची मोटार छातीशी धरून पळत येत होती.

५

मी रोज चौकीवर भाकरी घेऊन जायची. कधी आत सोडत, कधी नाही. पहिल्या दिवशी खाजाभाई म्हणाले, "डर मत. फौजदार मला काही विचारतच नाही. विचारतो तो जमादार."

"काय विचारतो?"

त्यांनी हात पाठीमागं घेतले. मी ओढून पुढं आणले. बोटं सुजून वांग्यासारखी झाली होती. पत्रेकामवाल्याची बोटं. त्यांना पत्र्यावरून नुसती फिरवून कुठं उंच आहे, कुठं खोल, ते कळायचं.

"नखांवर मारतात," ते म्हणाले. "म्हणतात, या हातांनी जॅक सोडला ना."

मी हिंदुरावाला गाठलं. तो चौकीच्या ओट्यावर शेंगा खात होता.

"साहेब, तुम्हाला माहीत आहे की त्यांनी केलं नाही. मग मारतात का?"

"मी मारायला सांगितलेलं नाही."

"मग थांबवा."

"थांबवलं की जमादार म्हणेल, साहेब याला का वाचवतोय. जमादाराचं तोंड गावभर. मग ज्याच्या कानावर जाऊ नये त्याच्या जाईल." त्यानं एक शेंग माझ्यापुढं धरली. मी घेतली नाही. "अजून थोडी कळ काढ. मला एका गोष्टीची वाट पाहायची आहे. ती झाली की सोडतो."

"कसली गोष्ट?"

"ते सांगितलं तर होणार नाही."

त्याच दुपारी कल्लप्पा चौकीवर आला. हातात डबा. निंगव्वानं केलेल्या शेंगापोळ्या होत्या, वर तूप. जमादारानं त्याला लगेच आत सोडलं. गजांतून त्यानं पोळीचे तुकडे करून खाजाभाईंना भरवले, कारण खाजाभाईंना घास धरता येत नव्हता. एक भरवणारा तीन बोटांचा, आणि दुसऱ्याला बोटं असून नसल्यासारखी.

"चाचा, कबूल करून टाका," कल्लप्पा म्हणाला. "मार तरी थांबेल. मी चांगला वकील देतो. चाचीला आणि पोरीला मी बघतो, इमानानं."

"जो किया नहीं वो कैसे बोलूं, बेटा?"

कल्लप्पा गजाला डोकं लावून उभा राहिला. बाहेर येऊन मला म्हणाला, "माझ्यानं बघवत नाही."

मी त्याला दुवा दिली. तोंडभरून दिली.

६

कोजागिरीच्या दुपारी हिंदुरावाचा निरोप आला, शेडवर ये. मी गेले तर निंगव्वा, बिरप्पा आणि कल्लप्पा आधीच उभे होते. दाराबाहेर ॲम्बॅसिडर. लाल मोटार तशीच, फक्त तिच्याखाली आता कुणी नव्हतं. पूजेची ओळ होती तिथंच होती. फुलं सुकून काळी पडली होती.

"पूजा उचलायची राहिली आहे," हिंदुराव म्हणाला. "दसऱ्याला उचलतात, पण त्या दिवशी आम्ही मध्ये आलो. उचल कल्लप्पा."

कल्लप्पानं ओळीला नमस्कार केला. एकेक फूल काढलं. मधल्या मोठ्या जॅकवरचं फूल काढलं तेव्हा त्याखाली कुंकू तसंच लालभडक होतं.

"आता ऐका," हिंदुराव म्हणाला आणि स्टूल ओढून बसला. "जमादार म्हणतो, पूजेच्या दिवशी हत्याराला हात लावणारा म्हणजे ज्याला पूजेचं काही नाही असा. त्यावरून खाजा. पण हात कुणी लावलाय कुठं? ही ओळ पाहा. इथला जॅक इथंच, इथले पाने इथंच. खून करणाऱ्यानं जॅक बाहेरून आणला, पानाही बाहेरून. समोर हाताशी जॅक असताना. का? ज्याला पूजेचं काही नाही तो हाताशी आहे ते उचलेल. बाहेरून आणेल तो, ज्याला माणूस मारवतो पण पूजेतली वस्तू हलववत नाही."

निंगव्वा कल्लप्पाकडे पाहत होती.

"आता दुसरं. खंडेनवमीला सोलापुरात बिनपूजेचा जॅक कुठं सापडायचा? सगळी गॅरेजं पूजेत. ट्रकवाल्यांचे जॅक पूजेत. बिनपूजेचा जॅक एकाच ठिकाणी असतो. जी गाडी दसऱ्याला वापरायचीच असते तिच्या डिकीत. गाडीला हार घालतात, बॉनेटला कुंकू लावतात, डिकी उघडून कोण बघतो? महादेवप्पाच्या चपलांना धूळ नव्हती. बाळीवेशीतून होटगी रस्त्यापर्यंत तो चालत आला नाही. दसऱ्याच्या पहाटे टांगा नाही. घरच्या गाडीनं आला. आणि त्याच सकाळी मी त्या गाडीच्या डिकीत वाकलो, तर जॅक नाही, पाने नाहीत. मोकळी."

मला तेव्हा आठवलं. बरं झालं, असं तो म्हणाला होता.

कल्लप्पा म्हणाला, "आमच्या गाडीचा जॅक कधीच हरवलाय साहेब."

"असेल. हरवलेला असता तर मी काय करू शकलो असतो? काहीच नाही. म्हणून मी थांबलो. खाजा आत आहे, मार खातोय, चौकशी संपली असं ज्याला वाटेल, तो डिकीतली मोकळी जागा भरेल. कधीतरी टायर बसेल, कुणीतरी विचारेल, म्हणून. उघड डिकी."

कल्लप्पानं किल्ली काढली. डिकी उघडली. आत नवा कोरा जॅक होता, गुंडाळलेल्या पानांच्या संचाशेजारी.

जॅकवर विभूतीचे तीन पट्टे आणि मधोमध कुंकू.

"नवी वस्तू पूजेशिवाय वापरायची नाही, होय ना?" हिंदुराव म्हणाला. "काल संध्याकाळी आणलास. दुकानदाराला आम्ही आधीच सांगून ठेवलं होतं. हरवलेला जॅक आहे म्हणालास आत्ताच. मग हा कधीचा, आणि कशासाठी?"

बिरप्पा मध्येच म्हणाला, "कल्लू... आरं, तू?"

कल्लप्पानं डिकीचं झाकण लावलं. मग सांगायला लागला, आणि सांगताना त्याचा आवाज कामाविषयी बोलताना असायचा तसा होता. "उजाडल्यावर काकाला गाडीत बसवून आणलं. बिरप्पा फुलांना गेलेला, शेडीत कुणी नव्हतं. लाल मोटारीच्या खाली रांगोळी काढली होती, तिच्यावर रात्री निघतानाच मी तेल सांडून ठेवलं होतं. म्हणालो, काका, तेल गळतंय, फेरी कशी निघणार? काका म्हणाला, आज हत्यार नाही. म्हणालो, घरच्या गाडीचा जॅक आहे, पूजेतला नाही, मी उचलतो, तुम्ही नुसतं बघा. तो वाकला, मग घाईत पोतंही न टाकता पाठीवर झोपून आत सरकला. आतून म्हणाला, थोट्या, दिवा धर. मी दिवा धरला नाही."

"आणि हातात पाना?"

"काम करताना गेला असं वाटावं म्हणून."

"तिथं फसलास. हात रिकामा ठेवला असतास तर मी अपघात लिहून घरी गेलो असतो." हिंदुरावाला खरोखर वाईट वाटल्यासारखं दिसलं. "पूजेतला जॅक का नाही घेतलास?"

"ते देवाचं होतं."

"आणि काका?"

"तो नव्हता."

निंगव्वा बसली आणि पहिल्यांदा रडली. रडताना म्हणाली, "पोळ्यांत मी तूप जास्त घातलं होतं, त्या बिचाऱ्यासाठी. मला ठाऊक होतं की. मोटार परसात नव्हती त्या सकाळी."

कल्लप्पा माझ्याकडे वळला. "चाची, कबूल करा म्हणत होतो ते मार थांबावा म्हणून. खरंच."

मी त्याच्या तोंडावर थुंकले. मग हिंदुरावाकडे वळले.

"तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"खाजा नाही, हे पहिल्या दिवशी. कोण, हेही पहिल्या दिवशी. पुरावा आज."

"आणि मधले दिवस?"

हिंदुरावानं खिशात हात घातला. शेंगा संपल्या होत्या. "मधल्या दिवसांशिवाय आजचा दिवस आला नसता, बाई. चल, खाजाला सोडू."

७

चौकीवर पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. कल्लप्पाला आत घातलं. खाजाभाई शेजारच्या कोठडीत भिंतीला टेकून बसले होते, छातीवर हात धरून. मला पाहून म्हणाले, "यहां दुखतंय." मराठी आणि आमची भाषा त्यांनी एकाच वाक्यात अशी कधी मिसळली नव्हती.

"चला घरी," मी म्हणाले.

हिंदुरावानं कारकुनाला हाक मारली. कारकून नव्हता. जमादार म्हणाला, "साहेब, कोजागिरी आहे. लिहिणारे दोघंही दुधाला गेलेत. सुटकेचा कागद सकाळी होईल."

"तू लिही."

"माझं अक्षर वर चालत नाही, साहेब. तुम्हीच म्हणता."

हिंदुरावानं घड्याळ पाहिलं. त्यालाही घरी दूध होतं. "एक रात्रीचा प्रश्न आहे, बाई. निर्दोष आहे हे आता सगळ्यांना माहीत आहे. कुणी हात लावणार नाही. सकाळी उजाडताना ये."

"डॉक्टर तरी बोलवा."

"तोही सकाळी."

खाजाभाई मला म्हणाले, "जा तू. रुक्साना अकेली है. और हातोडे? पूजा उठी ना?"

"उठली."

"लेके आ फिर."

मी घरी जाताना शेडवरून त्यांचे हातोडे आणि माझी कात्री घेऊन गेले. कुंकू धुतलं नाही. सकाळी उजाडताना मी हातोडे घेऊनच चौकीवर गेले, कारण मला वाटलं ते बघून त्यांना बरं वाटेल.

लाल मोटार पुढं कितीतरी वर्षं चौकीच्या आवारात उभी होती. मी शिवलेल्या गादीवर कोंबड्या अंडी घालत. डाव्या मडगार्डमधला पोचा कुणी काढला नाही. हिंदुरावाला या तपासाबद्दल बढती मिळाली. कल्लप्पाला जन्मठेप झाली आणि तो येरवड्याला गेला. सुटून आल्यावर तो एकदा माझ्या दारापर्यंत आला होता. मी दार उघडलं नाही.

महादेवप्पा दसऱ्याच्या सकाळी मेला. खाजाभाई, माझा नवरा, गुरुवार, एकतीस ऑक्टोबर एकोणीसशे चौऱ्याहत्तर रोजी, सुटकेचा कागद लिहिला जाण्याच्या आधी, कोठडीत मेला.